पंचायतीचे आठ गाळे, एक सोपो आणि आमची पावणी: एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावाचं. गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच, आणि रकमा थोड्या गोल केल्यात, म्हणजे कोणी नेमका गाळा शोधत बसायला नको. बाकी घडलं ते असंच घडलं, आणि त्यात मी नुसता बघत बसलेला नव्हतो, निम्म्या भानगडींना मीच कारण होतो, हे आधीच सांगून टाकतो.

गावात साधारण ७०० घरं, पंचायत ७ पंचांची. मी फोंड्यात छोट्या धंदेवाल्यांचे हिशोब आणि रिटर्न बघतो. कॉलेजला कोल्हापूरला होतो तेव्हा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकलेल्या, तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय की सरकारनं कमीत कमी गोष्टींत हात घालावा आणि जिथे घालेल तिथे किंमत बाजाराला ठरवू द्यावी. बायको म्हणते तुम्हाला देवळात पण बाजारच दिसतो. तर अशा माणसाला २०१८ मध्ये ग्रामसभेनं देखरेख समितीवर घेतलं. पंचायत राज कायद्यात (आपला १९९४ चा) अशी समिती आहे, पण बहुतेक गावांत ती कागदावरच असते आणि आमच्याकडेही तोवर तशीच होती.

गावाच्या तिठ्यावर पंचायत घर आहे, खाली आठ गाळे. नव्वदच्या दशकात बांधले. समोर रस्त्याच्या कडेला सकाळी नुस्तेकारणी (मासेवाल्या) बसतात, दुपारनंतर भाजीवाल्या, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी तीन-चार दिवस माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा, बाजार भरतो, कवंडळं, तोरिंगं, आंबाडे, सुपारीचे घड घेऊन लोक लांबून येतात. ह्या सगळ्यांकडून घ्यायची फी म्हणजे सोपो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, सोपो पंचायत सहसा स्वतः गोळा करत नाही, वर्षभराचा वसुलीचा हक्क पावणीला लावते, म्हणजे लिलाव करते, आणि जो जास्त बोलेल तो पैसे भरून मग वर्षभर टोपल्या-टोपल्यांकडून वसूल करत फिरतो.

पंचायतीला स्वतःच्या मर्जीनं खर्च करता येतील असे पैसे फार थोडे. घरपट्टी, धंद्याची लायसन्सं, बांधकामाचे परवाने, सोपो, गाळ्यांचं भाडं, संपलं. बाकी सगळं वरून येतं, जकातीच्या बदल्यातलं अनुदान, वित्त आयोगाचे पैसे, आणि त्याला दोऱ्या बांधलेल्या असतात. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ पासून दिलेल्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचे होते. बाजार आणि जत्रा हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत आहे, २२ वा, पण विषय तुमचा आणि पैसा आमचा असा सगळा मामला.

अडचण कशी पुढे आली

मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं खाणी बंद झाल्या, २०१२ नंतर दुसऱ्यांदा. आमच्या गावात खाण नाही पण खाणीचा माल वाहणारे ट्रक होते. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू, आणि घरातल्या तरुण पोरांना वाटायला लागलं की तिठ्यावर एखादा गाळा मिळाला तर मोबाइल रिपेअरिंग, चायनीज, काहीतरी टाकता येईल. ऑक्टोबर २०१८ च्या ग्रामसभेत असाच एक ट्रकवाला उठला आणि म्हणाला मला गाळा पाहिजे. सचिव म्हणाले रिकामा नाही. सरपंचबाई म्हणाल्या काळजी करू नका, आपण नवीन मार्केट कॉम्प्लेक्स आणतोय, दोन मजली, २० गाळे, वर हॉल, एस्टिमेट १ कोटी ८० लाख, सरकार ग्रँट देणार, पंचायतीला एक पैसा पडणार नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या असत्या, पण माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त मास्तरांनी हळूच विचारलं, "आता आहेत त्या आठांचं भाडं किती येतं रे?"

मला माहीत नव्हतं. सचिवांनी दुसऱ्या दिवशी रजिस्टर दाखवलं, माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा लागला नाही, तेवढा माणूस चांगला. गाळ्याला महिना ३०० रुपये. आठांचे मिळून २,४००. वीस-बावीस वर्षांत एकदाच वाढलेलं, तेही २५० चं ३००.

आठांतले पाच गाळे ज्यांच्या नावावर होते ते लोक तिथे नव्हतेच. दुसऱ्याला दिलेले. एकाचं खरं भाडं मला माहीत होतं कारण तो चालवणारा माझा क्लायंट, महिना ६,५०० तो मूळ नाववाल्याला देत होता आणि ते त्याच्या वहीत होतं. इथे पहिला पेच. ही माहिती ग्रामसभेत बोललो तर एका वाक्यात सगळं उघडं पडलं असतं, पण क्लायंटची वही बाजारात वाचायची नसते. मी गप्प बसलो. मग सरळ तिठ्यावरच्या खाजगी गाळ्यांची भाडी विचारत फिरलो, चार ठिकाणी ५ ते ७ हजार सांगितलं. कमीत कमीचा हिशोब धरला, ५,००० वजा ३००, आठ गाळे, बारा महिने: साडेचार लाख. ७०० घरांत वाटले तर घरामागे वर्षाला सहाशे चाळीसच्या वर. आमच्या वाड्यावरच्या साध्या घराची घरपट्टी तेव्हा दोनशेच्या आतबाहेर होती. म्हणजे प्रत्येक घर आपल्या घरपट्टीच्या तिप्पट त्या आठ नावांना देत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण पावती कुठेच फाटत नव्हती.

आणि पत्ता लागला तरी काय. सहाशे चाळीस रुपयांसाठी रविवारची झोप मोडून ग्रामसभेला कोण येतो? ज्याचे वर्षाला पंचावन्न हजारांच्या वर जाणार तो मात्र येतो, भाऊबंद घेऊन येतो, पहिल्या रांगेत बसतो. ह्यात कोणी राक्षस नाही. त्यांना ते गाळे कधीकाळी कोणीतरी दिले, त्यांनी धरून ठेवले, मीही ठेवला असता.

काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय कॉम्प्लेक्सचा, जो जवळजवळ ठरलाच होता. ह्यावर मी जास्त बोलत नाही, बाजूच्या गावात असाच एक उभा आहे, अर्धी शटरं उघडल्याचं मी कधी बघितलं नाही, लाईट बिल मात्र पंचायत भरते. ग्रँटचा पैसा म्हणजे फुकटचा पैसा असं गावाला वाटतं कारण तो १९१ पंचायतींच्या लोकांकडून थोडा थोडा जमा होऊन येतो, आणि प्रत्येक पंचायत तोच विचार करते. शिवाय ३०० रुपये भाड्याचे आठ गाळे ज्या पद्धतीनं वाटले त्याच पद्धतीनं वीस वाटले जाणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

दुसरा, सगळ्यांचं भाडं बांधकाम खात्याकडून ठरवून घ्यायचं आणि एकदम वाढवायचं. सरळ दिसतं. पण खातं ठरवणार ते इमारतीवरून, तिठ्यावरच्या गिऱ्हाईकावरून नाही, आणि गाळा त्याच माणसाच्या नावावर राहणार, फक्त त्याचा नफा कमी होणार. ट्रकवाल्याला काय मिळालं?

तिसरा, गाळे विकूनच टाकायचे. माझं मन इथेच होतं, खोटं कशाला बोलू. पंचायतीनं दुकानदारी कशाला करावी. पण पंचायतीची स्थावर मालमत्ता विकायची तर वरची परवानगी, त्यात वर्षं जाणार, आणि मास्तर म्हणाले एकदा विकलेत आणि ते पैसे एका वर्षात उडवले तर मग? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथा, तीन वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सवर जाहीर पावणी. भाडेकरार नाही, लायसन्स, हे महत्त्वाचं. गोव्यात १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं घरमालकांची अशी काही भीती बसलीय की लोक घरं कुलपात सडू देतात पण भाड्याला देत नाहीत, आणि आमचे आठजण तसे पंचायतीचे कुळ होऊन बसण्याच्या बेतात होते.

जानेवारी २०१९ च्या ग्रामसभेत चार तास वाद झाला. चौथा पर्याय पास झाला, कॉम्प्लेक्स "तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे" असं प्रोसिडिंगमध्ये आलं. पास का झाला तर माझ्या हिशोबामुळे नाही, त्या दिवशी वीस-पंचवीस ट्रकवाले घरच्यांना घेऊन आले होते म्हणून. म्हणजे त्यांचाही स्वार्थच, फक्त तो उघड होता.

निर्णयातली तीन अवघड ठिकाणं

एक शिवणकाम करणारी मावशी होती. तिचा गाळा तिच्या नवऱ्याच्या नावावर, नवरा गेला, ती स्वतः मशीन चालवते, कोणाला दिलेला नाही. मी म्हटलं सगळ्यांना एकच नियम, तिलाही पावणीत येऊ दे, आणि तिला मदत करायची तर पंचायतीनं वेगळा ठराव करून महिन्याला उघडपणे रक्कम द्यावी, बजेटमध्ये दिसू दे. भाड्यात लपवलेली मदत कोणाला किती जाते ते कोणालाच कळत नाही म्हणून ती मग सगळ्यांनाच मिळायला लागते. अजूनही मला हे बरोबर वाटतं. पण मावशीनं तोंडावर सांगितलं, "भाऊ, मी भाडं भरते. मदतीच्या यादीत माझं नाव वाचून दाखवायचं नाही." एका महिला पंचानं जोर लावला आणि तिचा गाळा पावणीतून बाहेर काढून १,००० रुपयांवर ठेवला. मी विरोधात मत दिलं. हरलो.

दुसरं, जुन्या लोकांना सवलत. त्यांची समजूत काढायला ठरवलं की पावणीत जी सगळ्यात मोठी बोली येईल तेवढी भरायला जुना माणूस तयार असेल तर गाळा त्यालाच. मला हे त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. प्रत्यक्षात काय झालं, दोन गाळ्यांवर बाहेरचा कोणी बोलायलाच उभा राहिना, कारण कशाला उगाच घाम गाळा, शेवटी तो समोरचा "मी भरतो" म्हणणार. ते दोन गाळे ३,८०० आणि ४,२०० ला गेले, जुन्यांकडेच.

तिसरं डिपॉझिट. लोकसभेच्या आचारसंहितेमुळे पावणी लांबली, मार्चपासून सगळं ठप्प, २३ एप्रिलला गोव्यात मतदान, निकाल मेच्या शेवटी, त्यामुळे पावणी जूनमध्ये. घाईघाईत एका महिन्याचं डिपॉझिट ठरलं. आणि गोव्यात पावणी म्हटली की लोकांच्या डोक्यात कुठली पावणी असते? सार्वजनिक गणपतीची. तिथे एका पपनसाला दहा हजार बोलतात आणि टाळ्या घेतात, ती बोली किमतीची नसते, नावाची असते. कोपऱ्यावरच्या गाळ्यासाठी दोन चुलतभाऊ उभे राहिले, त्यांचं घराण्याचं वैर जुनं, आणि बघता बघता ५ हजारांवरून ११,५०० वर गेले. सगळे हसत होते. सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, बोली ती बोली. चार महिन्यांनी जिंकलेल्या भावानं भाडं थांबवलं, एका महिन्याचं डिपॉझिट सोडून चालता झाला, गाळा पुन्हा पावणीला लावला तो ५,२०० ला गेला.

बाकीचे चार गाळे ४,५०० ते ६,००० मध्ये. सगळी बेरीज, मावशीचे हजार धरून, शेवटी महिना ३४,८०० वर स्थिर झाली. २,४०० वरून. ट्रकवाल्यांपैकी दोघांना गाळे मिळाले, एकाचं मोबाइलचं दुकान अजून चालतं.

सोपोचं काय झालं, म्हणजे माझं काय चुकलं

गाळ्यांचं यश डोक्यात गेलं. सोपोची पावणी वर्षानुवर्षं एकच माणूस ६२ हजारांत घ्यायचा, दुसरा कोणी यायचा नाही, नोटीस पंचायतीच्या बोर्डावर आतल्या बाजूला लावलेली. मी म्हटलं हे पण उघडं करा, मराठी पेपरात जाहिरात द्या. दिली. त्याच जूनमध्ये तीन बाहेरचे आले आणि एकजण १ लाख ८५ हजारांना घेऊन गेला. तिप्पट. सरपंचबाईंनी मला चहा पाजला, "पात्रांव (म्हणजे मालक), तुम्हीच पुढच्या वेळी उभे राहा" म्हणाल्या. मी खूश.

आता नीट विचार केला असता तर कळायला हवं होतं. गाळा पावणीला लावला तेव्हा आपण जागा विकत होतो, आणि ती घेणाऱ्याला समोरच्या खाजगी दुकानाशी टक्कर द्यायची होती, तो गिऱ्हाइकाला लुटू शकत नव्हता. सोपो लावला तेव्हा आपण दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा हक्क विकत होतो, तोही एकट्यालाच. ह्यात बोली वाढली म्हणजे दुसऱ्या बाजूनं कोणीतरी तेवढे जास्त भरणार, दुसरं काही होऊच शकत नाही. दोन्ही ठिकाणी पावणी, पण एक बाजार आणि एक मक्ता.

आणि हे काय नवीन आहे का गोव्याला? पोर्तुगीज अमलात करवसुलीचे असे मक्तेच देत, त्याला रेंद म्हणत, माडाची सूर (माडी) काढणाऱ्याला आपण रेंदेर म्हणतो तो शब्द तिथूनच आला. खाजन शेतीचं बघा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे धरायचा हक्क पावणीला लावायची जुनी पद्धत, त्या पैशात बांध राखायचा. पण हक्क घेणाऱ्याला मासा हवा, शेतकऱ्याला गोडं पाणी, म्हणून जिथे अटी नीट लावल्या नाहीत आणि लक्ष ठेवलं नाही तिथे घेणारा भरतीचं खारं पाणी हवं तसं आत सोडतो, शेत खारावतं, बांध जातो. माझे स्वतःचे काका ह्यावरून वीस वर्षं भांडत होते. म्हणजे हा धडा घरातच होता, मी मात्र कोल्हापूरच्या सभा आठवत बसलेलो.

ठरावात टोपलीला १० रुपये लिहिलेले. बोर्ड लावायचा राहिला. पावतीपुस्तक "ठेकेदार छापून घेईल" असं ठरलेलं. पहिल्या महिन्यात २०, मग ३०, मोठ्या टोपलीला ५०. ऑगस्टच्या शेवटी माटोळीचा बाजार भरला (त्या वर्षी चवथ २ सप्टेंबरला), तेव्हा एका जागेला २०० रुपये. डोंगरातून रानफळं घेऊन आलेली बाई, तिच्याकडे सगळा माल मिळून सातआठशेचा.

दोन नुस्तेकारणी उठल्या आणि दोन-तीनशे मीटरवर वळणाजवळ एका भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) मोकळ्या जागेत जाऊन बसल्या. भाटकारानं आधी हुसकावलं, मग दिवसाला २० रुपये घेऊन बसू दिलं, आठवड्यात पत्र्याची शेड मारली, आणि नळ दिला. मासेवाल्यांना नळ म्हणजे काय ते घरी मासे धुतलेल्यालाच कळेल. पंधरा दिवसांत तिठ्यावरच्या निम्म्या बायका तिथे. गिऱ्हाईकं पण तिथे, कारण गाडी लावायला जागा. कुठला ठराव नाही, एस्टिमेट नाही, १ कोटी ८० लाख नाहीत.

सोपो घेणारा चिडून पंचायतीत आला, माझे पैसे परत द्या नाहीतर तो बेकायदा बाजार बंद करा. पंचायतीनं भाटकाराला नोटीस काढली, परवान्याशिवाय बाजार भरवतो म्हणून. इथे मला पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली कारण त्या नोटिशीमागचं कारण मी आणलेले १ लाख ८५ हजार होते. पंचायतीला आता त्या बायकांचं भलं बघायचं नव्हतं, ठेकेदाराचा हक्क राखायचा होता, आणि तो हक्क जितक्या महाग विकलेला तितका राखायची गरज जास्त.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेला नुस्तेकारणी आल्या. पहिल्यांदाच, एरवी रविवार त्यांचा धंद्याचा दिवस. मी उभा राहून सांगायला लागलो की पावणी पारदर्शक होती, पेपरात जाहिरात होती वगैरे. त्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "बाबा, पावणी तुमची, पयशे आमचे." आणि खाली बसली. मीही बसलो.

मग काय केलं

नोटीस मागे घ्यायला दोन मीटिंगा गेल्या. एका पंचाचं म्हणणं होतं की आज भाटकाराला सोडलं तर उद्या गावभर बाजार भरेल. भरू दे की, असं मी म्हटलं, रस्ता अडवत नाहीत, कचरा उचलतात, पाणी त्यांचं आहे, पंचायतीला काय त्रास? शेवटी कचऱ्याची फी आणि धंद्याचं लायसन्स एवढ्यावर मिटलं. सोपोचा ठेका मधेच रद्द केला असता तर कोर्टबाजी झाली असती म्हणून मार्च २०२० पर्यंत चालू ठेवला, दराचा बोर्ड तिठ्यावर लावला, आणि पावती पंचायतीच्या शिक्क्याची सक्तीची केली. वसुली एकदम खाली आली, शेवटचा हप्ता त्यानं भरलाच नाही. मग लॉकडाऊन लागला आणि बाजारच बंद, सगळा वाद आपोआप थंड.

पुन्हा सुरू करताना सोपोची पावणी केलीच नाही. बसणाऱ्याला महिना २०० रुपयांचा पास, पंचायतीचा क्लार्क देतो, ज्याला नको तो भाटकाराकडे जाऊ शकतो. रोजच्यासाठी १० ची चिठ्ठी. वर्षाला ९० हजारांच्या आसपास येतात. १ लाख ८५ हजारांच्या निम्मे, आणि जुन्या ६२ पेक्षा जास्त. तिठ्यावरच्या काही बायका परत आल्या, कारण बसस्टॉप तिथे. काही नाही आल्या.

गाळेवाल्यांना २०२० च्या एप्रिल ते जूनचं भाडं ठरावानं माफ केलं. ह्याला मी विरोध केला नाही, बंद शटरचं भाडं कुठल्या तोंडानं मागायचं.

पैसा आला त्याचं काय झालं

हे लिहायला जिवावर येतंय. माझी कल्पना होती की वर्षाला चारेक लाख जास्त आले तर घरपट्टी निम्मी करता येईल, निदान वाढवायची नाही असं तरी ठरेल. जानेवारीच्या ठरावात मी ते घातलं नव्हतं, वाटलं आधी पैसे येऊ देत. आले, आणि सहा महिन्यांत पंचायतीत दोन नवे रोजंदार कामगार लागले, एक सत्तेतल्या पंचाच्या वाड्यावरचा, एक दुसऱ्याच्या. मग हॉलला फॅन, मग ऑफिसला एसी. कुठलंही बिल खोटं नव्हतं, मी स्वतः तपासली. प्रत्येक खर्चाला कारण होतं. आठ नाववाल्यांच्या खिशातले पैसे काढून सात पंचांच्या हातात दिले, एवढंच काय ते झालं, असं मास्तर म्हणाले तेव्हा मला राग आला होता. जुलै २०२१ च्या ग्रामसभेत भांडून भांडून निम्मं भाडं गटारं आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वेगळं ठेवायचा ठराव घेतला. तो पाळला जातो का, तर बऱ्यापैकी.

आता करायचं झालं तर

गाळ्यांची पावणी पुन्हा करेन, पण जुन्याला बोलीइतके पैसे भरून गाळा ठेवायचा हक्क देणार नाही. त्यापेक्षा सहा महिन्यांची मुदत आणि सामान हलवायला थोडे रोख पैसे दिले असते तर बोली खरी लागली असती. डिपॉझिट सहा महिन्यांचं, आणि बोली बंद पाकिटात, म्हणजे टाळ्यांचा प्रश्नच नको, चुलतभाऊ असोत की व्याही.

घरपट्टीचं कलम पैसे येण्याआधी त्याच ठरावात घालेन. नंतर कोणी घालत नाही.

सोपोसारखी गोष्ट कधीच पावणीला लावणार नाही. लावायचीच वेळ आली तर बोली रकमेवर नको, टोपलीला कमीत कमी किती घेशील त्यावर, जो कमी सांगेल त्याला. ही कल्पना मला तेव्हा सुचली असती तर, पण सुचली नाही, आणि खरं तर ती मोबाइलवाल्या ट्रकवाल्यानं सांगितली, त्यालाही म्हणे कुठल्याशा डिझेलच्या टेंडरवरून.

मावशीचं अजून ठरत नाही. तिचा गाळा १,००० वर आहे, शेजारचा ५,१०० वर. ४,१०० गाव देतं. तिच्याकडे शिवायला देताना कोणाला तसं वाटत नाही, मलाही नाही, आणि माझ्या सगळ्या हिशोबात ती एक ओळ तशीच उरते.

सध्या

लायसन्सची तीन वर्षं जून २०२२ ला संपली, नेमकं तेव्हाच पंचायतीचीही मुदत संपली आणि गावागावांत प्रशासक बसले. प्रशासकांनी पावणीला हात लावला नाही, सगळे जुन्याच दरानं चालू राहिले. १० ऑगस्टला निवडणूक झाली, नवी पंचायत आली, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिल्याच विषयाला नव्या सरपंचांनी जुनी फाईल काढली: मार्केट कॉम्प्लेक्स, आता तीन मजली, खाली अद्ययावत मासळी मार्केट, ग्रँट मंजूर व्हायच्या मार्गावर, पंचायतीला एक पैसा पडणार नाही. मोठा रंगीत प्लॅन भिंतीला लावला होता. नुस्तेकारणी ह्या वेळीही आल्या होत्या. तीच मोठी बाई उठली, प्लॅनजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली, आणि इंजिनीअरला विचारलं नळ खंय आसा. त्यानं वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि म्हणाला तो नंतर दाखवू.